उसाचें पाचट आणि गांवाच्या धुराचा हिशेब

उसाची तोड पुढें सरकूं लागली म्हणजे आपल्या ऊसपट्ट्यांत सायंकाळच्या सुमारास ठिकठिकाणीं धूर उठतांना दिसतो. तोडलेल्या फडांतील पाचट पेटवून द्यावयाचें आणि खोडव्यास पाणी सोडावयाचें, ही रीत इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांत कांहीं नुकसान आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. प्रस्तुत लेखांत या धुराचा हिशेब मांडण्याचा विचार आहे.

सन २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यांत ग्लासगो येथील हवामानविषयक परिषदेंत भारतानें सन २०७० पर्यंत ‘निव्वळ शून्य’ गांठण्याचें वचन दिलें. निव्वळ शून्य म्हणजे धूर अजिबात न होणें नव्हे. पृथ्वीस तापविणारे जितके वायु आपण वर्षभरांत हवेंत सोडतों, तितकेच झाडें, जमीन किंवा अन्य उपायांनीं परत घेतले जाऊन जमाखर्चाची शिल्लक शून्य येणें, एवढाच त्याचा अर्थ. हा जमाखर्च गांवापुरताही मांडतां येतो. केरळांतील वायनाड जिल्ह्याच्या मीनंगाडी पंचायतीनें सन २०१६ मध्यें त्यास आरंभ केला. झाडें लावून राखणाऱ्या शेतकऱ्यांस त्या झाडांच्या तारणावर बिनव्याजी कर्ज देण्याची योजनाही तेथें निघाली. आपल्या गांवांच्या वहींतील रकमा अर्थातच निराळ्या असणार, कारण आपल्याकडे ऊस आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाचट जाळल्यानें निघणारा सगळा कर्बवायु गांवाच्या खर्चीं पडतो, असें पुष्कळजण सांगतात. तें बरोबर नाहीं. तो कर्ब उसानें त्याच हंगामांत हवेंतून घेतलेला असतो, म्हणून आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतींत तो धरीत नाहींत. धरतात ते दुसरेच दोन वायु: अर्धवट जळण्यामुळें होणारा मिथेन, आणि पाचटांतील नत्रापासून होणारा नायट्रस ऑक्साइड. वजनास वजन घेऊन शंभर वर्षांची मुदत धरली, तर मिथेन कर्बवायूच्या सुमारें २७ पट व नायट्रस ऑक्साइड सुमारें २७३ पट तापवितो. हेक्टरीं १० टन वाळलेलें पाचट धरूं व त्यांतील ८ टन प्रत्यक्ष जळतें असें मानूं. प्रचलित गुणकांप्रमाणें त्यापासून सुमारें २२ किलो मिथेन व अर्ध्या किलोहून किंचित् अधिक नायट्रस ऑक्साइड निघतो. दोहोंची बेरीज कर्बवायूच्या मापानें सुमारें पाऊण टन होते. आपल्याकडील एक म्हैस वर्षभरांत सुमारें ५५ किलो मिथेन सोडते, म्हणजे कर्बवायूच्या मापानें दीड टन. तेव्हां एक हेक्टर पाचट जाळणें म्हणजे अर्धी म्हैस पाळण्यासारखें आहे. म्हैस निदान दूध तरी देते.

आतां शेताचें नुकसान पाहूं. दहा टन पाचटांत सुमारें ४० किलो नत्र, १० किलो स्फुरद आणि ७० ते १०० किलो पालाश असतें. आग लागतांच नत्र बहुतेक सगळें हवेंत जातें. स्फुरद व पालाश राखेंत उरतें, पण तेंही कांहीं वाऱ्यावर व कांहीं पहिल्या पाण्याबरोबर निघून जातें. ४० किलो नत्र म्हणजे युरियाच्या जवळजवळ दोन गोणी.

मग लोक पाचट कां जाळतात? केवळ आळसामुळें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. मीं स्वतः पहिल्या वर्षीं पाचट नुसतें पसरून ठेवलें, तेव्हां खोडवा पिवळा पडला आणि फुटवा विरळ आला. शेजाऱ्यांनीं हंसून घेतलें तें निराळेंच. पुढें कारण समजलें. पाचटांत एक भाग नत्रास ८० ते १०० भाग कर्ब असतो. इतका कर्ब कुजविण्यास जिवाणूंना जें नत्र लागतें तें पाचटांत नसतें, म्हणून ते तें जमिनींतून उचलतात व पीक उपाशी राहतें. तें नत्र आपण आरंभींच पुरविलें म्हणजे ही अडचण राहत नाहीं.

रीत अशी. तोड होतांच बुडख्यांवरील पाचट ओढून सरींत सारावें. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानें जमिनीलगत छाटावे. असें केल्यानें जमिनीखालचे डोळे जोमानें फुटतात. बुडखे झांकलेले ठेवले तर फुटवा येत नाहीं, आणि माझी पहिली चूक हीच होती. दर टन पाचटास ८ किलो युरिया व १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकावें, आणि पाचट कुजविणारे जिवाणु १ किलो घेऊन चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून पसरावे. म्हणजे १० टनांस ८० किलो युरिया, १०० किलो सुपर व १० किलो जिवाणु लागतात. मग पाणी देऊन पाचट ओलें असतांना पायांनीं दाबावें. पाणी पुढें सरकत नाहीं ही तक्रार भारी जमिनींत खरी असते. तेथें एक सरी आड करून पाचट भरावें आणि मोकळ्या सरीनें पाणी द्यावें.

हा युरिया मात्र फुकटचा नव्हे. त्यापासून आणि कुजणाऱ्या पाचटांतील नत्रापासूनही थोडा नायट्रस ऑक्साइड होतो. हें सारें धरलें तर सुमारें ४०० किलो कर्बवायूइतका भार पडतो, म्हणजे पाऊण टनांतील निम्मी बचतच हातीं राहते. जमेची दुसरी बाजू पाण्याची आहे. पाचटानें झांकलेली जमीन ओल धरते. समजा, वर्षांत चार पाळ्या वांचल्या. पांच अश्वशक्तीचा पंप हेक्टरास २० तास चालला तर एका पाळीस सुमारें १०० युनिट वीज जाते, आणि आपल्याकडील विजेच्या दर युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम कर्बवायु पडतो. चार पाळ्यांचे २८० किलो झाले. दोन्ही मिळून हेक्टरीं अर्ध्या टनाहून अधिक बचत होते. ज्यांचा पंप सूर्यशक्तीवर चालतो त्यांच्या वहींत ही विजेची रक्कम येणार नाहीं, परंतु विहिरींतील पाणी त्यांचेंही वांचतेंच.

हें काम एकट्यादुकट्याचें नाहीं. आग बांध ओळखीत नाहीं. शेजाऱ्यानें पेटविलेल्या पाचटाची ठिणगी उभ्या उसांत पडून वर्षाची मेहनत गेल्याचीं उदाहरणें प्रत्येक ऊसगांवांत आहेत. यासाठीं तोडीपूर्वींच ग्रामसभेनें ठराव करावा. टोळीशीं बोलणें करतांनाच ऊस जमिनीलगत तोडण्याची अट घालावी, म्हणजे बुडखे छाटण्याची मजुरी वांचते. पाचटाची कुट्टी करणारें यंत्र एकेकट्यास परवडत नाहीं; तें गांवच्या सेवा सोसायटीनें घेऊन पाळीपाळीनें द्यावें. शंभर हेक्टर खोडवा असलेल्या गांवाची याप्रमाणें वर्षास पन्नास-साठ टनांची बचत होईल. तेवढ्यानें गांव शून्यावर येणार नाहीं. गुरें, डिझेल व राहिलेला युरिया यांच्या रकमा शिल्लक राहतील, आणि त्यांच्यासमोर बांधावरील झाडें मांडावीं लागतील. त्याविषयीं पुढें केव्हां तरी लिहितां येईल.

ज्यांस सगळ्या क्षेत्रावर धीर होत नाहीं, त्यांनीं यंदा निदान दहा गुंठ्यांत पाचट ठेवावें व शेजारच्या दहा गुंठ्यांत नेहमींप्रमाणें करावें. दोहोंस दिलेल्या पाण्याच्या पाळ्या, खताच्या गोणी व शेवटीं निघालेलें टनेज वेगवेगळें लिहून ठेवावें, आणि तोड झाल्यावर ते आंकडे आपल्या मंडळाच्या सभेंत वाचून दाखवावे.