फोन उचलला नाही तर दार वाजव

पोरीचा सिकलसेलचा रिपोर्ट एसएस आला म्हणून तू घाबरून राहिलीस, ते दिसतंच आहे. औषधाचं डॉक्टर सांगतील, त्यात मी पडत नाही. मी सांगते ते मधल्या दिवसांचं, डॉक्टरपर्यंत पोचता येत नाही तेव्हाचं. असे दिवस आम्ही २०२० आणि २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत काढले. साथ पुन्हा येणार नाही असं कोणी लिहून दिलेलं नाही.

आधी आपली माणसं शोध. विदर्भात सिकलसेल काही नवलाचा नाही, पण पोरापोरींची लग्नं अडतील म्हणून लोक रिपोर्ट ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवतात. आशाताईला विचार, तिला घरं माहीत असतात. तिच्यामार्फत निरोप धाड, थेट कोणाच्या दारात जाऊन ‘तुमच्याकडेही आहे ना?’ असं विचारू नको. पण लपून राहूनही चालत नाही. नागपूरच्या संपत रामटेक्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि जन्मभर पेशंटच्या हक्कांसाठी भांडले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पेशंट आणि त्यांची घरं समोर आली नसती, तर भांडायला सोबत कोण असतं?

२५ मार्च २०२० पासून सगळं बंद झालं. आपल्या पेशंटांना एसटीत प्रवास फुकट, पण एसटीच उभी, मग सवलत घेऊन करायचं काय! पुढे नागपूरचे मेडिकल आणि मेयो हे सरकारी दवाखाने कोविडच्या पेशंटांनी भरले. आमच्या कळमेश्वरहून नागपूर म्हणजे एरवी तासाभराच्या आतलं, तेच लांब झालं. तेव्हा आम्ही जोड्या लावल्या. एका पेशंटामागे एक माणूस, रोज संध्याकाळी ठरल्या वेळी फोन. सिकलवाल्यांच्या ग्रुपवर पन्नास जण असले तरी ‘काळजी घ्या’ लिहून मोकळे होतात. एकावर नाव टाकलं की तो फोन करतोच.

फोनवर ‘बरी आहेस का?’ विचारू नको. दुखणेकरी माणूस ‘बरी आहे’च म्हणतो. नेमकं विचार: आज पाणी किती तांबे गेलं? लघवी कोणत्या रंगाची? डोळे पिवळे दिसतात का? दुखणं नेहमीच्या जागी आहे की नव्या? रात्री झोप लागली का? आवाजही ऐक. आपल्याकडच्या एका पोराचं दुखणं उठलं की तो वाक्य अर्धं सोडायचा. ते त्याच्या आईच्याही ध्यानात आलं नव्हतं, जोडीदाराच्या आलं. आणि दोनदा फोन लावून उचलला नाही, तर मास्क बांध, दार वाजव आणि पायरीवरूनच बोल. ‘उगाच कशाला त्रास’ हा विचार साथीत करायचा नाही.

ऑक्सिमीटरचं तर नीट ऐकून ठेव. साथीत जो तो ९४ चा आकडा धरून बसला होता. एसएसवाल्याचा बऱ्या दिवसांतला आकडाही कधी कधी इतरांपेक्षा कमी असतो. म्हणून पोर खेळून राहिली असेल, तेव्हाच चार वेळा मोजून वहीत लिही आणि डॉक्टरला दाखव. नेलपॉलिश पुसून, हात चोळून गरम करून, पाच मिनिटं बसवून मग यंत्र लाव. थंड बोटावर यंत्र खोटं बोलतं. एक यंत्र तीन घरांत फिरत असेल तर प्रत्येक वेळी पुसून घे.

ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून खोकला लागला, दम लागला, तर कोविड आहे की सिकलचंच छातीत उतरलं आहे हे तू, मी किंवा ग्रुप ठरवणार नाही. घरी वाट पाहायची नाही, १०८ ला फोन. लहान लेकरात आणखी एक: डाव्या बरगडीखाली प्लीहा कशी चाचपायची ते नर्सताईकडून शिकून घे. ती एकाएकी फुगली आणि पोर पांढरीफटक पडून मान टाकायला लागली, तर त्याच घटकेला निघ. दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य हेच बोल: ‘हिला सिकल आहे, एसएस.’ दुसऱ्या लाटेत स्टिरॉइड सरसकट दिलं जात होतं, लोक दुकानातून आपल्या मनानं आणूनही खात होते. आपल्या पोरांचं दुखणं त्यानं उलट उठू शकतं. डॉक्टरला आधी माहीत असलं तर तो विचार करून देईल.

गोळ्यांचं म्हणशील तर पंधरा दिवसांचा साठा उरला की पुढची सोय बघायची, संपायची वाट पाहायची नाही. फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी कुठंही मिळते. हायड्रॉक्सीयुरिया तशी मिळत नाही, आणि तिचा डोस वजनावर आणि रक्ताच्या तपासणीवर ठरतो. शेजारच्या पोराची चालते म्हणून आपल्या पोरीला देऊ नको. कुणाकडून उसनी घ्यायचीच वेळ आली, तर डॉक्टरला फोन करून, नाव आणि मिलिग्रॅम वाचून दाखवून मगच. दवाखाना गाठता येत नसेल तर फोनवरूनच डॉक्टरला दाखवायला सरकारची ई-संजीवनी आहे, २०२० पासून. काढे आणि फॉरवर्ड टाकणाऱ्याला आम्ही ग्रुपबाहेर काढायचो, मग तो कितीही मोठा असो. त्यावरून रुसवेफुगवे झाले. होऊ दे.

रक्ताची यादी आजपासून कर. लॉकडाउनमध्ये शिबिरं थांबली आणि पेढ्या कोरड्या पडल्या. आपल्याला रक्त फुकट मिळतं, पण पेढीत असलं तर! एमआयडीसीतल्या पोरांचे नंबर रक्तगटानुसार लिहून ठेव. २०२१ मध्ये एक नवीनच भानगड झाली. लस घेतल्यावर आधी २८ दिवस आणि मे महिन्यापासून १४ दिवस रक्त देता येत नव्हतं. १ मे पासून अठरा वर्षांवरच्यांना लस मोकळी होणार म्हटल्यावर आम्ही पोरांना सांगितलं, आधी रक्त द्या, मग लस घ्या. लसीची तऱ्हाही अशीच. १ मार्चपासून ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली, त्यासाठीच्या वीस आजारांच्या यादीत सिकलसेल होता. पण आपली पोरं वीस-पंचवीसची! म्हणून घरातल्या मोठ्यांना आधी टोचून घ्यायला लावलं, म्हणजे आजार निदान उंबऱ्याबाहेर राहील.

आता एक गोष्ट बायका बोलत नाहीत, मी बोलते. तुझी पोरगी आहे, पण ग्रुपात पोरगेही येतील. त्यांच्यात कधी कधी रात्री लिंग ताठून दुखत राहतं. आईला सांगवत नाही, बापाला लाज वाटते. अशा पोराला मोठ्या एसएस पोराचा नंबर दे आणि त्या मोठ्याला सांगून ठेव: तास गेले तरी उतरत नसेल, तर सकाळ होऊ द्यायची नाही, दवाखाना गाठायचा. ही लाज महाग पडते.

ग्रुपातलं कोणी गेलं तर लपवू नका. एकदा लपवलं होतं, दोन दिवसांत सगळ्यांना कळलं आणि नंतर कोणी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवेना. ज्याची जोडी तुटली, त्याला त्याच दिवशी दुसरा जोडीदार द्यायचा.

आणि तुझी स्वतःची जोडी लाव, पोरीची वेगळी. चिंतेनं आई आडवी झाली तर लेकराचं कोण पाहणार? तुझ्याकडे कोण फोन करणार, ते आताच ठरवून टाक. वही काढ. पहिल्या पानावर पोरीचा रक्तगट, वजन, गोळ्यांची नावं, बऱ्या दिवसांतला ऑक्सिजनचा आकडा. रिपोर्टची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, पुन्हा सगळं बंद झालं आणि काटोल नाक्यावर पोलिसानं अडवलं तर दाखवायला. खाली तीन नंबर: आशाताई, गाडीवाला, जोडीदार. गाडीवाल्याला आत्ताच फोन लाव, रात्री येतो की नाही ते विचारून घे.