वाटेचे सामान : दीर्घ पदप्रवासाच्या पूर्वतयारीचा एक ऐतिहासिक पाठ

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले काही माजी विद्यार्थी अलीकडे महिना-दीड महिन्याच्या प्रवासास पाठीवर सॅक टाकून निघू लागले आहेत. कोणी हिमाचलच्या खोऱ्यांत जातो, कोणी सारनाथ, बोधगया, राजगीर, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी अशी ऐतिहासिक स्थळे पाहत फिरतो. निघण्यापूर्वी बहुतेक जण आम्हांस एकच प्रश्न विचारतात, "सर, सोबत काय काय घ्यावे?" या प्रश्नाचे उत्तर दुकानातील यादीत मिळेल असे त्यांना वाटते. इतिहासाच्या शिक्षकाला मात्र हा प्रश्न अडीच हजार वर्षे जुना असल्याचे ठाऊक असते. वर्षावासाचे महिने सोडले तर उरलेला काळ चारिका करणारा भिक्खुसंघ हा दीर्घ पदप्रवासाचा अनुभव असलेला जगातील एक प्राचीन समुदाय होय. विनयपिटकातील अनेक नियम वाटेवरच्या अडचणींतून जन्मास आले आहेत. त्यांतील काही प्रसंगांच्या आधारे सामानाची निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

किती घ्यावे? वैशालीची थंड रात्र

महावग्गात एक प्रसंग आहे. राजगृहाहून वैशालीकडे जात असता भगवान बुद्धांना वाटेत अनेक भिक्खू चीवरांच्या गाठोड्यांनी लादलेले दिसले. कोणाच्या डोक्यावर गुंडाळी, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या कमरेला. वस्त्रांना मर्यादा घालणे आवश्यक आहे हे तथागतांनी ओळखले; परंतु मर्यादा किती, हे त्यांनी केवळ तर्काने ठरविले नाही. ऐन हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीत वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी ते रात्री उघड्यावर बसले. प्रारंभी एक चीवर पुरले. पहिला प्रहर सरताच थंडी वाजू लागली, तेव्हा दुसरे घेतले. मधला प्रहर संपल्यावर तिसरे, आणि पहाटे चौथे. एवढ्यात रात्र निभावली. त्यानंतर त्यांनी तीन चीवरांची अनुज्ञा दिली : संघाटी दुपदरी, उत्तरासंग एकपदरी आणि अंतरवासक एकपदरी. पदर मोजले तर ते चारच भरतात.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रसंगातील पद्धतीकडे लक्ष द्या. समस्या पाहिली, स्वतःवर प्रयोग केला, निष्कर्ष काढला आणि मग नियम केला. आज गिर्यारोहणाची पुस्तके जिला थरांची पद्धत म्हणतात ती याहून फार वेगळी नाही. अंगालगत घाम लवकर वाळणारा पातळ सदरा, त्यावर लोकर किंवा फ्लीसचा उबदार थर आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडविणारे विंडचीटर. एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा हे तीन थर अधिक उपयोगी पडतात, कारण चढावर एक काढता येतो आणि थांबल्यावर पुन्हा चढविता येतो. सुती जीन्स दीर्घ प्रवासात टाळावी. ती जड असते, भिजली की वाळत नाही आणि ओली असताना अंगातील ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी काही प्रमाणात ऊब देते. अंगावरचा एक जोड आणि धुऊन बदलण्यासाठी एक जोड एवढे कपडे दहा दिवसांना पुरतात, आणि जे दहा दिवसांना पुरते तेच दोन महिन्यांनाही पुरते. मुक्काम वाढले म्हणून कपडे वाढवावे लागत नाहीत, धुणे वाढते.

पायात काय घालावे? दोन सोणांची कथा

चंपेच्या श्रीमंत घरातील सोण कोळिविस भिक्खू झाला आणि अनवाणी चंक्रमण करता करता त्याचे तळवे रक्तबंबाळ झाले. तेव्हा एकपदरी वहाणांची अनुज्ञा मिळाली. दुसरा सोण कुटिकण्ण हा अवंती प्रदेशातला. महाकच्चान थेरांचा निरोप घेऊन तो तथागतांकडे गेला. अवंती-दक्षिणापथाची भूमी काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली असते, असे त्याने निवेदन केले. त्यावर सीमावर्ती प्रदेशांसाठी अनेकपदरी वहाणा मान्य करण्यात आल्या. गंगेच्या गाळाच्या प्रदेशात जे पुरते ते दख्खनच्या वाटेवर पुरत नाही, हा विचार आमच्या काळ्या मातीच्या मुलखातील वाचकांना सहज पटावा.

आजही बुटांची निवड प्रदेश पाहूनच करावी. गावोगावच्या रस्त्यांसाठी चांगल्या पकडीचे हलके बूट पुरेत. दगडधोंड्यांच्या व बर्फाच्या वाटेसाठी घोट्याला आधार देणारे हवेत. बूट सायंकाळी खरेदी करावेत, कारण दिवसभराच्या चालीने पाय किंचित सुजलेले असतात. मोजे घालून पाहावे आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राखावी, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. आणि नवा बूट घालून कधीही निघू नये. निदान तीन-चार आठवडे तो शाळेत, बाजारात, शेतात वापरून पायाशी जुळवावा. सोबत मुक्कामासाठी एक साधी चप्पल आणि मोज्यांचे तीन जोड असावेत. चालताना पाय कोठे चुरचुरू लागला की त्याच क्षणी थांबून तेथे चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर केलेला उपाय उशिराचा असतो.

पाणी : गाळणी आणि सोबती

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कायबंधन आणि पाणी गाळण्याचे वस्त्र, एवढ्या आठ वस्तू येतात. यांतील गाळणीमागे चुल्लवग्गात एक दुःखद कथा आहे. कोसल जनपदात दोन भिक्खू प्रवास करीत होते. त्यांच्यात तंटा झाला. एकाजवळ गाळणी होती, दुसऱ्याने ती मागितली, पहिल्याने दिली नाही. दुसरा तहानेने मरण पावला. त्यानंतर असा दंडक झाला की, सोबत्याने मागितल्यास गाळणी नाकारू नये आणि गाळणीवाचून लांबच्या प्रवासास निघू नये. गाळणी नसल्यास चीवराच्या टोकाने पाणी गाळण्याचा संकल्प करून निघावे.

ही गाळणी मूलतः पाण्यातील सूक्ष्म जिवांच्या रक्षणासाठी होती; परंतु तिचा उपयोग पिणाऱ्यालाही होतो. बांगलादेशातील खेड्यांत झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या साडीच्या अनेकपदरी कापडातून पाणी गाळणाऱ्या गावांमध्ये पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले. तथापि केवळ कापडावर विसंबू नये. गाळलेले पाणी निदान एक मिनिट खळखळ उकळावे, अथवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ असावे. चमचा चहाचा घ्यावा.

पाणी एकाच भांड्यात ठेवू नये, हे ह्युएन त्संगाच्या चरित्रावरून शिकावे. सातव्या शतकात भारताकडे येताना गोबीच्या वाळवंटात पिण्यासाठी पखाल उचलत असता ती जड पखाल त्याच्या हातून निसटली आणि सारे पाणी वाळूत गेले. चार रात्री व पाच दिवस तो पाण्याविना चालला. अखेर घोड्याने झऱ्याची वाट दाखविली म्हणून तो वाचला. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणून पाणी अनावश्यक वाहू नये, पण जे वाहायचे ते दोन बाटल्यांत विभागून घ्यावे.

जे गमावता येत नाही ते

पुढे काओचांगच्या राजाने ह्युएन त्संगाला मुखवस्त्रे, हातमोजे, बूट, मोजे, तीस घोडे व पंचवीस माणसे दिली. तरीही हिमपर्वत ओलांडताना दहांपैकी तीन-चार सोबती थंडीने व उपासमारीने दगावले. उत्तम साहित्य असले म्हणजे संकट टळते असे नाही, हे ध्यानी ठेवावे. हवामान पाहून परत फिरण्याची तयारीही सामानाइतकीच आवश्यक आहे. परतीच्या वाटेवर सिंधू नदी उतरताना नाव डळमळली आणि सुमारे पन्नास हस्तलिखिते वाहून गेली. नव्या प्रती करून आणविण्यासाठी त्याला तेथे मुक्काम करावा लागला. बाबासाहेबांनाही असा आघात सोसावा लागला. 1917 साली लंडनहून परतताना त्यांनी दुसऱ्या जहाजाने पाठविलेली ग्रंथसंपदा ते जहाज पाणतीराने बुडाल्यामुळे नष्ट झाली.

यावरून एवढे घ्यावे की, ज्याची भरपाई होत नाही ते सामानात टाकू नये, अंगावर ठेवावे. ओळखपत्र, थोडी रोकड आणि नेहमीची औषधे सदऱ्याच्या आतील पिशवीत असावीत. कागदपत्रांची एक प्रत सॅकमध्ये आणि एक घरी ठेवावी.

आमची चूक

येथे आमचाच एक अनुभव सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी दीड महिन्याची रजा घेऊन आम्ही धम्मस्थळांच्या प्रवासास निघालो होतो. आमचे वजन तेव्हा 62 किलो आणि सॅकचे 21. जेठियनच्या खोऱ्यातून राजगीरकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर, अर्ध्या रस्त्यात आमचे खांदे अवघडले. त्याच वाटेने चाललेल्या एका वृद्ध ग्रामस्थाने न सांगताच आमची सॅक उचलून डोक्यावर घेतली. आम्ही मोकळ्या हातांनी त्याच्या मागे चालू लागलो. थोड्या वेळाने त्याने विचारले, "या एवढ्या ओझ्यात आहे तरी काय?" आम्हांस धड उत्तर देता आले नाही.

त्या क्षणी आम्हांस आमच्या आजोबांची आठवण झाली. महार वतनाच्या पद्धतीत फिरतीवर आलेल्या सरकारी अंमलदाराचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहणे हे वतनदाराचे काम समजले जाई. वेळ-काळ नाही, मोबदल्याचा ठिकाणा नाही. ही वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. आजोबांच्या डोक्यावर कोणाची गाठोडी होती, त्यांत काय होते, हे त्यांना कधी कळले नसेल. आणि त्यांचा शिकलेला नातू आपल्याच अविचाराचे ओझे एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर देऊन चालला होता.

राजगीरला पोहोचल्यावर त्या गृहस्थांस आम्ही योग्य मजुरी दिली. त्या रात्री विश्रामगृहाच्या फरशीवर सारे सामान मांडले. दोन जीन्स, तीन जाड ग्रंथ, स्टीलचा चारपुडी डबा, घोंगडी, छायाचित्रांसाठी घेतलेले कातडी बूट, घरचा चिवडा व लाडू. पंधरा दिवसांत यांपैकी खाऊखेरीज कशालाही हात लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी नऊ किलोंचे पार्सल टपालाने घरी धाडले आणि उरलेला महिना बारा किलोंत सुखाने काढला.

मजुरी देऊन ओझे वाहून घेणे यात कमीपणा नाही. हमाली हे कष्टाचे आणि सन्मानाचे काम आहे. परंतु हिमालयात हमाल ठरविलाच तर त्याचे ओझे आधी वजन करून ठरवावे, मजुरी आधी बोलावी आणि त्याच्याकडे गरम कपडे व निवारा आहे की नाही हे स्वतः पाहावे.

सॅक निवडण्याची व भरण्याची रीत

प्रौढ माणसाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे घेऊ नये. वाढत्या वयाच्या मुलांनी दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहावे. म्हणजे साठ किलोंच्या माणसास बारा किलो. त्यासाठी 45 ते 50 लिटरची सॅक पुरे. मोठी सॅक घेतली की ती भरण्याचा मोह होतोच. खरेदी करताना तिचा कंबरपट्टा प्रथम पाहावा. तो कमरेच्या हाडावर घट्ट बसला तर बहुतांश भार पायांवर जातो, खांद्यांवर थोडाच राहतो. दुकानातच आठ-दहा किलो वजन भरून चालून पाहावे.

आत प्रथम जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालावी म्हणजे पावसात सामान कोरडे राहते. तळाशी स्लीपिंग बॅग व रात्रीचे कपडे. त्यावर जड वस्तू, त्याही पाठीलगत व मधल्या उंचीवर. त्या बाहेरच्या बाजूस गेल्या तर सॅक मागे ओढते. हलके कपडे सभोवती दाबून बसवावेत. रेनकोट, बॅटरी, औषधे आणि खाऊ सर्वांत वर. सुई-दोरा घेण्यास विसरू नये. अष्टपरिष्कारांतील ही वस्तू सॅकचा फाटलेला पट्टा शिवण्यास आजही लागते.

महागडी सॅक नाही म्हणून कोणी प्रवास टाळू नये. उसनी सॅक, बाजारातील लोकरीचा स्वेटर, आईच्या जुन्या लुगड्याची गाळणी आणि पायाशी जुळलेले बूट यांवर बरेच दूर जाता येते.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

1. निघण्यापूर्वी दोन आठवडे सारे सामान जमिनीवर मांडा व प्रत्येक वस्तू का हवी ते एका वाक्यात वहीत लिहा. वाक्य सुचले नाही ती वस्तू बाजूला ठेवा.

2. दुकानातील काट्यावर सॅकचे वजन करा. ती पाठीवर घेऊन सलग तीन रविवार दहा किलोमीटर चाला आणि प्रत्येक वेळी एक तरी वस्तू कमी करता येते का ते पाहा.

3. एक थंड रात्र अंगणात काढा. कोणत्या प्रहरी कोणता थर लागला याची नोंद ठेवा.

4. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी कोणाचे ओझे वाहिले होते? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ही वही मात्र प्रवासात नेऊ नका, घरी जपून ठेवा.