टेबल उलटं करून बघा

बोईसरच्या एका शिक्षिकेच्या घरी नवा सोफा आला, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी जुनं, भारदस्त ठेवायचं ठरलं. मुंबईतल्या एका जुन्या फर्निचरच्या दुकानात शिसवी साइड टेबलांची जोडी मिळाली. गोल माथा, कोरीव पाय, एकेक छोटा ड्रॉवर. ब्रिटिशांच्या काळातली आहेत, शंभर वर्षं कुठे गेली नाहीत, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं. टेम्पो ठरला, जोडी घरी आली, पाहुण्यांनी कौतुक केलं. पावसाळा लागला आणि ड्रॉवर फुगून अडकले. गणपतीच्या साफसफाईत पायांशी मैद्यासारखी बारीक पूड दिसली. झाडून काढली, तर काही दिवसांत पुन्हा तेवढीच. शेवटी ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी वरचं पॉलिश पाहिलंसुद्धा नाही. सतरंजी अंथरली, टेबल तिच्यावर पालथं घातलं आणि खिशातून बॅटरी काढली.

माथा ज्या पट्ट्यांवर बसवला होता, त्यांचे सगळे स्क्रू फुलीच्या खाचेचे होते, दुकानात ज्यांना स्टार स्क्रू म्हणतात ते. हा स्क्रू अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी 1930च्या दशकात बाजारात आणला. शंभर वर्षांपूर्वीच्या टेबलात तो मूळचा असणं शक्यच नाही. एखादा असता, तर मागाहून केलेली दुरुस्ती म्हणून सोडून देता आलं असतं. पण मग शेजारी जुन्या स्क्रूची बुजवलेली भोकंही दिसायला हवी होती. ती नव्हती. सांध्यांतून गोंद ओघळून पारदर्शक होऊन वाळला होता. असा पारदर्शक वाळणारा फेव्हिकॉल बाजारात आला 1959मध्ये. त्याआधी सुतार सरस वितळवून लावत आणि तो वाळला की तपकिरी, ठिसूळ होई. मग काकांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पायाच्या आतल्या बाजूने फिरवला. बोळा काळा झाला आणि खालून फिकट लाकूड डोकावलं. शिसव नव्हतंच ते. साध्या लाकडाला काळा रंग देऊन वर पॉलिश मारलेलं.

आता पालघर-बोईसर पट्ट्यात कुणी जुनं टेबल घ्यायला निघालं की या बाईंना आधी फोन येतो. त्या पहिलं सांगतात ते हेच: वरचा माथा शेवटी बघा.

पालथ्या टेबलावर बघायचं तरी काय? जिथे पॉलिश लागलेलं नाही तिथे लाकूड वयोमानाने काळवंडलेलं असतं, पण सगळीकडे सारखं नाही. हवा आणि हात लागतात तिथे जास्त, कोपऱ्यात कमी. खालचा सगळा भाग एकाच छटेचा असेल तर रंग दिलेला आहे असं समजावं. हाताच्या करवतीचे व्रण सरळ आणि थोडे वेडेवाकडे असतात, यंत्राच्या गोल पात्याचे कमानीसारखे. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या खालच्या कडा चाचपाव्यात. वर्षानुवर्षं उघडझाप झालेली असेल तर त्या झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. शिसव सागापेक्षा चांगलंच जड असतं, म्हणून शिसवी म्हणून दाखवलेलं टेबल एका हाताने सहज उचललं गेलं तर शंका घ्यावी.

गोल टेबलासाठी तर साधी मोजपट्टी पुरते. लाकूड वाळताना रेषांच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही. रेषांच्या आडवं आक्रसतं. त्यामुळे खरोखर जुना, अखंड लाकडाचा माथा आता पूर्ण गोल उरलेला नसतो. रेषांच्या दिशेने एकदा आणि आडवं एकदा मोजलं, तर दोन्ही मापांत थोडा फरक येतो, कधी सूतभर, कधी जास्त. शिक्षिकेच्या टेबलाची दोन्ही मापं तंतोतंत सारखी भरली. वर व्हिनिअर, खाली प्लाय.

राहिली ती पूड. वाळवी मातीच्या नळ्या करते, ती लगेच ओळखू येते. पूड पाडणारे बारीक भुंगे वेगळे. त्यांची अळी लाकडात राहून आतून पोखरते आणि भुंगा बाहेर पडताना टाचणीच्या डोक्याएवढं भोक ठेवून जातो. सागाच्या गाभ्याच्या वाटेला हे किडे सहसा जात नाहीत. सालीलगतचं फिकट लाकूड आणि हलकं प्लाय मात्र त्यांना आवडतं, म्हणून एका टेबलातली कीड टीव्हीच्या युनिटपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. नुसती भोकं दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती कधीचीही असू शकतात. टेबल काळ्या कागदावर ठेवून द्यावं. कागदावर ताजी पूड पडली, तर कीड अजून जिवंत आहे. असं टेबल घरात घ्यायचंच असेल तर आधी पडवीत किंवा गॅलरीत वेगळं ठेवून औषधमारणी करून घ्यावी.

किनाऱ्याची हवाही हिशोबात धरावी लागते. तारापूर, चिंचणी, केळवे-माहीम या पट्ट्यात खारा वारा आणि चार महिने दमट हवा. लोखंडी खिळे गंजून लाकडावर काळे डाग पडतात. पितळी कडी-मुठी हिरव्या पडल्या तरी पुसल्या की स्वच्छ होतात. म्हणून घेतानाच पितळी कडी-मुठी असलेलं टेबल बघावं. मे महिन्यात सुळसुळ सरकणारा ड्रॉवर जुलैत अडेल हे गृहीत धरून कडांवर मेणबत्ती घासून ठेवावी. माथ्यावर काच टाकायची तर खाली रबराची बटणं हवीत, नाहीतर काच आणि लाकूड यांच्यामध्ये ओल कोंडते. फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, तेव्हा पायांना रबरी टोप्या बसवणंही आलंच. जुनं लाखेचं पॉलिश स्पिरिटने विरघळतं आणि गरम कपाने पांढरं वळं उमटतं. हे पॉलिश उतरवून पीयू (पॉलियुरेथेन) मारण्याआधी सुताराला विचारावं, कारण लाखेचं पॉलिश घरच्या घरी पुन्हा चढवता येतं. रंग दिलेलं टेबल असेल आणि घरात रांगतं मूल असेल, तर अधिक सावध राहावं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचे पोपडे कोरडे खरवडू नयेत.

मग चांगलं जुनं टेबल मिळतं कुठे? मुंबईत चोरबाजारची मटन स्ट्रीट आणि जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट आहेच, पण बोईसरकरांनी आधी आपल्याच आजूबाजूला बघावं. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969मध्ये सुरू झालं. ते आणि औद्योगिक वसाहत यांच्यामुळे देशभरातून कुटुंबं इथे आली. निवृत्तीनंतर गावी परतणारी काही घरं सामान विकून मोकळी होतात. त्यात 1970च्या आसपासची, निमुळत्या पायांची साधी सागवानी टेबलं निघतात. ती ब्रिटिशकालीन नसतात आणि विकणाराही तसं म्हणत नाही. डहाणू-घोलवडकडच्या पारशी-इराणी घरांतलं सामान कधीमधी विकायला निघतं, तेव्हा भाव चढा असला तरी वस्तू ज्या घरात वापरली गेली तिथेच उभं राहून तिची चौकशी करता येते.

मुलगा-मुलगी परदेशात असेल आणि टेबल तिकडे पाठवायचा विचार असेल, तर कायदाही माहीत हवा. 1972च्या कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शिसव ज्या वंशातलं आहे त्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017पासून निर्बंध आहेत, तेव्हा टेबल नव्या शिसवाचं असलं तरी आधी कागदपत्रांची चौकशी करावी.

शेवटचा मुद्दा मापाचा. टेबलाचा माथा सोफ्याच्या हाताच्या उंचीला असावा, फार तर दोन इंच इकडेतिकडे. जुने टीपॉय बुटके असतात. आजच्या सोफ्याशेजारी ठेवले तर चहाचा कप घ्यायला वाकावं लागतं. हुबेहूब जोडीचा हट्ट धरला की भाव दुपटीच्या वर जातो आणि बनावट मालही जोडीतच जास्त खपतो. या शिक्षिकेने पुढे निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका कुटुंबाकडून चौकोनी सागवानी टेबल घेतलं आणि दुसऱ्या बाजूला पालघरच्या एका ओळखीच्या घरातलं गोल टेबल आणलं. दोघांची घडण वेगळी, उंची मात्र 23 इंच, सोफ्याच्या हाताइतकीच. दोन्ही घेताना त्यांनी बॅटरी, मोजपट्टी आणि काळा कागद पिशवीतून नेला होता.