अंग उतरतंय? आधी कुंथणं थांबवा

संध्याकाळ झाली की ओटीपोटात ओढ लागते, बसताना खाली काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, धुताना हाताला गोळा लागतो. कुणी याला अंग बाहेर येणं म्हणतं, कुणी मायांग. खाली सरकतं ते कधी गर्भाशय, कधी मूत्राशय, कधी गुदाशय, आणि पुष्कळदा यातले दोन एकदम. लाजेपोटी बायका वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि शेवटी ‘पिशवी काढून टाका’ एवढा एकच मार्ग पुढ्यात येतो. सुरुवातीच्या टप्प्यात घरी करण्यासारखं खूप आहे. फक्त क्रम चुकवू नका. बहुतेकींना थेट व्यायाम सांगितले जातात. पण दिवसभर वरून दाब पडतच राहिला, तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी एकट्यानं किती तोलायचं? म्हणून आधी दाब कमी करायचा, मग ताकद वाढवायची.

त्याही आधी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. अंग किती उतरलंय यावरून चार टप्पे मानतात. पहिल्या दोन टप्प्यांत, म्हणजे ते योनीच्या तोंडाशी किंवा त्याच्या आतच असताना, खालच्या उपायांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. पूर्ण बाहेर आलेलं अंग व्यायामानं परत आत जात नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. लघवी अडली, बाहेर आलेल्या भागाला जखम झाली, रक्त किंवा दुर्गंधीचा स्राव येऊ लागला, किंवा पाळी गेल्यानंतर डाग दिसला, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

आता सुरुवात संडासापासून. कुंथण्याइतका वाईट दाब दुसरा नाही, कारण तो रोजचा असतो. देशी संडासात उकिडवं बसता येत असेल तर उत्तमच. कमोड असेल तर पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या. गुडघे खुब्यांपेक्षा वर आले पाहिजेत. पुढे वाका, कोपरं मांड्यांवर टेकवा, पोट सैल सोडा. तोंडानं हळूहळू श्वास सोडत राहा. श्वास कोंडून जोर लावायचा नाही. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठा, पुन्हा कळ आली की जा. काहींचा मल मागच्या फुगवट्यात अडकतो. तेव्हा स्वच्छ बोटानं योनीच्या मागच्या भिंतीला आतून, किंवा योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या भागाला बाहेरून, हलका आधार दिला की मोकळं होतं. अनेक जणी हे गुपचूप करतात आणि मनात अपराधी वाटून घेतात. त्यात गैर काहीही नाही, फिजिओथेरपिस्टही हेच शिकवतात. मल मऊ राहावा म्हणून ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळी, पेरू, आणि दिवसाला साधारण दोन लिटर पाणी. इसबगोल घेतलंत तर त्यावर पेलाभर पाणी प्यायलाच हवं.

मग वजन. हंडा, गॅसचं सिलिंडर, ओल्या कपड्यांची बादली, कडेवरचं मूल: शक्य तिथे भार निम्मा करा, दोन खेपा घाला, घरातल्या पुरुषांना हाक मारा. उचलावंच लागलं तर वस्तू अंगाजवळ घ्या, गुडघ्यांतून वाका, आधी तळाचे स्नायू आवळा आणि श्वास सोडत उठा. खोकताना, शिंकतानाही तसंच, आधी आवळायचं. जुनाट खोकला असेल तर त्याचं औषधपाणी हाही याच उपचाराचा भाग आहे. चुलीचा धूर आणि तंबाखू दोन्हींपासून लांब राहा. वजन जास्त असेल तर थोडं उतरवल्यानंही ओढ हलकी होते.

आता तळाच्या स्नायूंचे व्यायाम. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये हे व्यायाम मांडले. सुरुवातीला उताणं झोपून, गुडघे दुमडून करा. वारा रोखतो तसं गुदद्वार आवळा, लघवी थांबवतो तसं पुढचंही, आणि सगळं आत-वर ओढा. मांड्या, नितंब, पोट सैल, श्वास चालू. आवळताना खाली फुगवटा आल्यासारखा वाटला तर तुम्ही ओढत नाही, ढकलताय; थांबा आणि शिकून घ्या. तीन-चार सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. सैल सोडणंही तेवढंच महत्त्वाचं. हळूहळू 10 सेकंदांपर्यंत वाढवा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. नंतर बसून आणि उभ्यानं. लघवी करताना मध्येच धार अडवून सराव करू नका. 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या 447 बायकांच्या चाचणीत, फिजिओथेरपिस्टनं प्रत्येकीला स्वतंत्रपणे शिकवलेल्या व्यायामानं वर्षभरानंतरचा त्रास कमी झालेला दिसला. पण फरक कळायला तीन-चार महिने लागतात, आठवड्यात निराश होऊ नका.

उभं राहताना पाठीचा नैसर्गिक बाक तसाच राहू द्या, पोट दिवसभर आत ओढून धरू नका. परकराची नाडी करकचून बांधणंही नको. बाळंतिणीचं पोट घट्ट आवळण्याची रीत तर मला अजिबात पटत नाही, कारण तो दाब खाली, ताणलेल्या स्नायूंवरच जातो. पोटाचे सिट-अपसारखे व्यायाम किंवा कपालभाती करताना ओढ वाढत असेल तर ते तूर्त बंद ठेवा. चालणं मात्र सोडू नका.

दुपारी दहा-पंधरा मिनिटं आडवं व्हा, कमरेखाली उशी आणि पोटऱ्या खुर्चीवर. ओढ लगेच कमी होते. दुपारी जमत नसेल तर शेतातून किंवा कामावरून आल्यावर स्वयंपाकाला लागण्याआधी ही विश्रांती घ्या, आणि ती औषधासारखी ठरलेल्या वेळी घ्या.

चार महिने नेमानं करूनही त्रास तसाच असेल तर डॉक्टरांना पेसरीबद्दल विचारा. योनीत बसवायची ही सिलिकॉनची रिंग अंगाला आतून आधार देते, आणि ती काढून धुऊन परत बसवायला बऱ्याच जणी स्वतःच शिकतात. शस्त्रक्रियेचा निर्णय त्यानंतरही घेता येतो. तेव्हा नुसती पिशवी काढणार की सैल झालेला आधारही दुरुस्त करणार, हे आवर्जून विचारा, कारण पिशवी काढल्यावरही योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो.