घराचा उंबरठा आणि कायद्याचा हात



बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारांत बैलाचे दांत कोणीही पाहावे, चाल पाहावी, मोल विचारावें. त्याचा राग कोणी मानीत नाहीं. पण तोच गिऱ्हाईक घरीं आला, म्हणजे ओसरीवर बसतो. बोलाविल्यावांचून माजघरांत पाऊल टाकीत नाहीं. प्रत्येक घराला अशी एक मर्यादा असते. ती कायद्यानें केव्हां व कशी ओलांडावी, याचा येथें आम्ही विचार करणार आहों.

आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरण घेऊं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली व लवकरच ती पुण्यासही पोंचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांनीं रोगी हुडकण्यासाठीं गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर धाडल्या. सांथ आटोक्यांत आणावी, हा हेतु कांहीं वाईट नव्हता. परंतु सैनिक स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरतात, स्त्रियांची मर्यादा राखीत नाहींत, सामानाची नासधूस करितात, अशा तक्रारी उठल्या. लोक रोगाइतकेच तपासणीसही भिऊं लागले व आजारी माणसें लपवूं लागले. म्हणजे ज्या उपायानें रोग सांपडावयाचा, त्यानेंच तो दडविला! २२ जून १८९७ च्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ व रँड कांहीं दिवसांनीं मरण पावले. खुनाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण चांगला हेतु वाईट रीतीनें कसा बिघडतो, हें यावरून दिसतें.

मग कायद्यानें घरांत येऊंच नये काय? तसेंही नव्हे. चोरीचा माल माजघरांत पुरला, किंवा बंद दाराआड सुनेस मारहाण झाली, तर “ही आमची खासगी बाब” असें म्हणून सुटतां येत नाहीं. दार उघडावेंच लागतें, पण रीतीनें. झडतीस त्याच भागांतील दोन प्रतिष्ठित पंच हवेत, जप्त वस्तूंची यादी हवी, स्त्रीची झडती स्त्रीनेंच सभ्यता राखून घ्यावी, असा नियम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें झडतीचें ध्वनीसह चित्रणही आवश्यक केलें आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. मात्र तो अमर्याद नव्हे. त्यास बाध आणावयाचा, तर कायद्याचा आधार, योग्य हेतु आणि हेतूच्या मानानें बेताचाच उपाय, या तीन गोष्टी हव्यात.

१८९७ चाच कायदा मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथींत महाराष्ट्रांत लागू झाला, व घरींच अलग राहावयास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. त्या शिक्क्यानें शेजारी सावध होत. पण एकाची खासगी गोष्ट चारचौघांत उघडीही होई. तो उपाय योग्य होता काय? वरील तीन कसोट्या लावून विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं घरीं एकत्र बसून याचा विचार करावा. आणि तो करितांना, आपण स्वतः दुसऱ्याचें पत्र किंवा फोन विचारल्यावांचून उघडतों कीं काय, हेंही प्रत्येकानें आठवून पाहावें.