जमिनीखालचे थर पाहा, मगच बोअर घ्या



विहीर आटली की आपण बोअर मारतो. एक कोरडे गेले की शेजारी दुसरे. कर्ज मात्र उसाच्या बिलातूनच फेडायचे! म्हणून खालचे थर आधी समजून घेऊ.

आपला काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याचे थर बहुधा आडवे, एकावर एक. अखंड कातळात पाणी फार थोडे. ते साठते मुरमात, भेगांत आणि झिजलेल्या मांजऱ्या दगडात.

आता हिशेब करू. समजा, माळावरच्या विहिरीत मांजऱ्या 70 फुटांवर लागला, ओढ्याकाठी 40 फुटांवर. माळ ओढ्याकाठापेक्षा 30 फूट उंच. म्हणजे थर बहुधा एकच! एकाने उपसा वाढवला तर दुसऱ्याची विहीर उतरायची.

गावातल्या सर्व विहिरींच्या अशा नोंदी, जमिनीच्या उंचीसह, संगणकावर जोडल्या की लांबी, रुंदी व खोली दाखवणारे त्रिमितीय प्रारूप होते. केंद्रीय भूजल मंडळाने 2012 साली सुरू केलेल्या जलधर नकाशांच्या कामात अशीच प्रारूपे केली.

मात्र दोन विहिरींमधला भाग अंदाजाचाच, बरं का! ग्रामसभेत चित्र मांडताना मोजलेले ठळक रेघेने व अंदाजाचे तुटक रेघेने दाखवावे. नाहीतर एक बोअर फसले की लोकांचा विश्वास उडतो.

तेव्हा आपल्या विहिरीत कोणता दगड किती फुटांवर लागला, हे आजच वहीत लिहून ठेवा. थर सामाईक, तर हिशेबही सर्वांनी मिळून करावा.