बातमी, अफवा आणि वादविवाद : अभ्यासवर्गासाठी एक पाठ



भोर-वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यावस्त्यांवर आज डॉक्टरांच्या आधी मोबाईल पोहोचतो. म्हणून आलेला मजकूर पारखून घेणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोना लसीकरण सुरू झाले. कोव्हिशील्ड लस तर आपल्याच पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होत होती. तरीही 'लस घेतल्यास मूल होत नाही' ही अफवा पसरली. पूर्वी पोलिओच्या डोसाबद्दलही हेच बोलले गेले. तरीही आईबापांनी मुलांना डोस पाजले आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

अभ्यासवर्गात 'लस सक्तीची असावी काय?' या विषयावर वादविवाद घ्यावा. प्रत्येकाने वर्तमानपत्राचे एक कात्रण किंवा मोबाईलवरचा एक संदेश आणावा. त्यातील विधाने फळ्यावर दोन रकान्यांत लिहावीत : पडताळून पाहता येणारी आणि केवळ मताची.

'लसीने मूल होत नाही' हे पहिल्या रकान्यातले विधान. त्याचा निकाल पुराव्याने लागतो, टाळ्यांनी नव्हे. म्हणून अफवेची बाजू मांडण्यास गट नेमू नये. 'लसीनंतर ताप येतो' हे पुष्कळदा खरे असते. पण त्यावरून 'लस घातक आहे' असे ठरत नाही. अर्धे सत्य ओळखणे अधिक कठीण असते.

'सक्ती असावी' हे मात्र मत आहे. त्याला दोन प्रामाणिक बाजू आहेत. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही असे सांगितले. त्याचबरोबर समाजाच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते, हेही मान्य केले. अर्ध्या वेळेनंतर दोन्ही गटांनी बाजू बदलाव्यात, म्हणजे दुसऱ्याचे म्हणणेही नीट समजते.

प्रत्येक कात्रणाला तीन प्रश्न विचारावेत : हे कोण सांगतो? त्याला कसे कळले? त्यात त्याचा लाभ कोणता? उत्तर न मिळाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. तोवर संदेश पुढे पाठवू नये.

केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतात म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या, हाच उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला होता. एका खोट्या संदेशामुळे एखाद्या बाळाची गोवराची लस चुकू शकते. ती चुकू न देणे आपल्या हातात आहे.